मसूर स्टेशन ते ‘प्रबुद्ध भारत’ : पत्रकार बाबासाहेब आणि पत्रकारिता शिकणारी आपली पोरं

कोरेगाव म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भीमा नदीकाठचा विजयस्तंभ येतो. पण बाबासाहेबांच्या आयुष्यात आणखी एक कोरेगाव आहे आणि ते सातारा जिल्ह्यातले आहे. आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी खटाव तालुक्यातल्या एका गावाचा उल्लेख कोरेगाव असा केला. मराठी चरित्रांत त्याच गावाचे नाव गोरेगाव असे येते. आम्ही ज्या कोरेगाव तालुक्यात काम करतो, त्याला लागूनच खटाव तालुका आहे. त्यामुळे ही गोष्ट आम्हाला आमच्या शिवारातली वाटते.

ती आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्याकडे मुले-मुली विचारायला येतात. पत्रकारितेला प्रवेश घ्यावा का? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जावे की पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये? मोबाईलवर चॅनेल काढता येत असताना तीन वर्षे आणि पैसे कशाला घालवायचे? घरचे म्हणतात, त्यापेक्षा पोलीस भरती कर. या प्रश्नांना आम्ही आमच्या अकलेने उत्तर देण्यापेक्षा बाबासाहेबांचे आयुष्य एका बाजूने पुन्हा वाचावे असे आम्हाला वाटते. घटनाकार, अर्थतज्ज्ञ, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पत्रकार बाबासाहेबांची ओळख मात्र आपण ३१ जानेवारीच्या एका पोस्टपुरती ठेवली आहे.

न पोहोचलेले पत्र

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेला भिवा लहानपणीच वडिलांबरोबर साताऱ्यात आला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले होते. साताऱ्यातच भिवाची आई भीमाबाई वारली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्याचे नाव दाखल झाले. तोच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणीही नसे.

१९०१ साली रामजी दुष्काळी कामावर खजिनदार होते. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलावाचे काम काढले होते. सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुले नवे कपडे घालून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र आधीच पाठवले होते, तरी स्टेशनवर घ्यायला कोणीच आले नाही. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी मायेने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही एका अटीवर: गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात डबा होता, पण पिण्यासारखे पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. ती उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर उलगडा झाला. पत्र आले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

ही हकीकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण पत्रकारिता शिकणाऱ्याने ती आणखी एका अंगाने वाचावी. मजकूर लिहिला गेला, पाठवला गेला, पोहोचलाही. मधल्या माणसाने पुढे दिला नाही. पुढे सारे आयुष्य बाबासाहेब ज्या अडचणीशी झगडले ती हीच. आपल्या लोकांचे म्हणणे होते, मांडणारेही होते. ते पोहोचवणारी यंत्रणा मात्र दुसऱ्यांच्या ताब्यात होती.

ज्या विभागात ते गेले नाहीत

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. रामजींची मिळकत बेताची होती, पण मुलाच्या पुस्तकांसाठी ते लेकींकडे जाऊन पैसे उसने आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

इथे एक योगायोग आहे. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने ठेवलेल्या देणगीतून कोलंबियात पत्रकारितेची शाळा १९१२ साली सुरू झाली होती. म्हणजे बाबासाहेब तिथे पोहोचले तेव्हा तिला एकच वर्ष झाले होते. पत्रकार कॉलेजात घडू शकतो का, यावर तेव्हा अमेरिकेतही वाद होता. बाबासाहेब त्या शाळेत गेले नाहीत. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र त्यांनी घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्ही तो निबंध वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या गोष्टीने साताऱ्यात आणि मसूरला त्यांना तहानलेले ठेवले, तिच्याविषयी लिहिताना या पंचविशीतल्या तरुणाने आपले दुःख मध्ये आणले नाही. जात कशी बनते आणि कशी टिकते, याची त्यांनी थंड डोक्याने उकल केली. अनुभव होताच, त्याला अभ्यासाचा आधार मिळाला होता.

ही तयारी पुढे त्यांच्या अग्रलेखांतून दिसते. पत्रकारितेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पत्रकाराला ज्या विषयांवर लिहायचे असते ते विषय मात्र त्यांना मुळापासून माहीत होते.

‘मूकनायक’

१९१७ मध्ये ते भारतात परतले. बडोद्यात उच्च पदावर असूनही त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मताधिकाराचा प्रश्न साउथबरो समितीपुढे होता. जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी समितीपुढे साक्ष दिली. त्याच महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक महार या नावाने त्यांचे पत्रही प्रसिद्ध झाले. पण दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात पत्रापुरती जागा मिळणे वेगळे आणि स्वतःचे पत्र असणे वेगळे.

दत्तोबा पवार यांच्या मध्यस्थीने राजर्षी शाहू महाराजांशी त्यांची भेट झाली. महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. तुकोबांच्या अभंगातून घेतलेले हे नाव होते. सरकारी कॉलेजात नोकरी असल्याने बाबासाहेबांना संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येईना, म्हणून ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे लावले गेले. ‘मूकनायक’ निघतो आहे ही जाहिरात ‘केसरी’ने पैसे घेऊनही छापायला नकार दिला. लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रात अस्पृश्यांच्या पत्राच्या जाहिरातीलाही जागा नव्हती.

पहिल्या अंकातच बाबासाहेबांनी सांगून टाकले की बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात आणि इतर जातींची त्यांना पर्वा नसते. आपल्या आधी ज्यांनी प्रयत्न केले त्यांचीही त्यांनी आठवण ठेवली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढले होते आणि ते फार काळ टिकले नव्हते. आपला वारसा कोणाचा, हे पहिल्या दिवशी सांगणारा हा संपादक अवघा २८ वर्षांचा होता.

मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि जुलैमध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला ते लंडनला गेले. साताऱ्याचे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी संपादकपद सांभाळले. पण वर्गणी येईना आणि कर्ज वाढत गेले. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती, सरकारने खटलाही भरला नव्हता. पत्र पैशाअभावी मेले. हे आपण ३१ जानेवारीला सांगत नाही आणि आमच्या मते तेच सर्वांत आधी सांगायला हवे.

वकील, आंदोलक आणि चोवीस रकाने

१९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर आणि डी.एस्सी. होऊन परतले. १९२६ मध्ये त्यांनी एक खटला लढवला, त्याचा वृत्तपत्रविद्येच्या वर्गात अभ्यास व्हायला हवा. दिनकरराव जवळकर यांनी लिहिलेल्या आणि केशवराव जेधे यांनी प्रकाशित केलेल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली होती. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले. फिर्याद करणारा हा बदनामी झालेल्या व्यक्तीचा दूरचा नातेवाईक आहे, त्याला फिर्यादीचा अधिकारच पोहोचत नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला आणि आरोपी सुटले. लिहिणाऱ्याला कायदा माहीत नसेल तर त्याचा कायदा जाणणारा मित्र तरी हवा, हे त्या खटल्यातून दिसते.

२० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे खुले झाले. आंदोलन झाले, आणि त्याबरोबर त्याची बातमी कोण कशी देतो ही लढाईही सुरू झाली. परत निघालेल्या सत्याग्रहींवर गावात हल्ला झाला होता. त्यांची बाजू कोणी सांगायची? दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचेच नाव होते.

त्या काळातली त्यांची कामे मोजून पाहा. वकिली होती, शिकवणे होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व होते, बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम होते, वर्षअखेरीला मनुस्मृतिदहन होते. आणि या सगळ्यात पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. मानधन घेतले नाही. उलट पदरमोड केली. हाताखाली लिहिणारा माणूस नव्हता, कारण लिहायला शिकलेला माणूसच समाजात मिळत नव्हता. अग्रलेखही त्यांचे, स्फुटेही त्यांचीच. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांना वाचकांपुढे पत्राच्या कर्जाचा हिशेब मांडून, हे ऋण तुमचेही नाही का, असे विचारावे लागले. पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९२९ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ही थांबला.

‘समता’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’

पण ते एका पत्रावर अवलंबून राहिले नाहीत. जून १९२८ मध्ये समाज समता संघाचे ‘समता’ सुरू झाले होते. देवराव विष्णू नाईक त्याचे संपादक होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. हे ध्यानात घ्या: पत्राचा जन्म झाला आणि त्यांना हजर राहण्याची गरज पडली नाही. दहा वर्षांत माणसे तयार झाली होती. नाईकांनंतर सहस्रबुद्धे, कद्रेकर अशा सहकाऱ्यांनी ‘जनता’ पुढे नेला. १९३१ पासून तो साप्ताहिक झाला आणि पंचवीस वर्षे टिकला. आधीची पत्रे दोन-तीन वर्षांत बंद पडली आणि ‘जनता’ इतका टिकला, यात सुटा संपादक आणि उभी राहिलेली संघटना यांतला फरक आहे.

मोठ्या वृत्तपत्रसृष्टीचेही ते बारकाईने निरीक्षण करत होते. १९४२ मध्ये कॅनडातील एका परिषदेसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की देशभर बातम्या पुरवणाऱ्या प्रमुख वृत्तसंस्थेतले कर्मचारी एकाच वर्गातून येतात आणि म्हणून अस्पृश्यांची बाजू जगापुढे जात नाही. न्यूजरूममध्ये कोण बसले आहे, हा प्रश्न आज विद्यापीठांत संशोधनाचा विषय आहे. त्यांनी तो ऐंशी वर्षांपूर्वी विचारला. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी पत्रकारितेचा व्यापार कसा झाला आहे आणि पुढाऱ्यांची पूजा बांधणे हेच तिचे काम कसे बनले आहे, यावर कठोर टीका केली. ही टीका दुसऱ्यांवर होती, पण आपल्याला लागू पडत नाही असे समजू नये. आपल्या गटाच्या नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात म्हणजे बातमी, असे मानणारी पाने आपल्यातही कमी नाहीत.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मागणी आली की वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख करावा. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे अधिकार नाहीत. संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणूनच आपला अभिव्यक्तीचा हक्क वापरतो, म्हणून वेगळ्या कलमाची गरज नाही. आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. लिहिण्याचा हक्क कोणत्या ओळखपत्रातून किंवा पदवीतून येत नाही. तो वस्तीतल्या प्रत्येकाचा आहे.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. समाजाला बुद्धाकडे नेण्याआधी काही महिने त्यांनी आपल्या पत्राला ते नाव दिले होते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा छत्तीस वर्षांपूर्वी मुक्यांचा नायक म्हणून सुरू झालेले काम प्रबुद्धांच्या नावाने चालू होते.

मग पत्रकारिता शिकावी का?

आमचे उत्तर: शिकावी. बाबासाहेबांनी ती पदवी घेतली नाही म्हणून आपल्यालाही नको, हा युक्तिवाद करणाऱ्याने आधी त्यांनी काय काय शिकून घेतले ते पाहावे. विद्यापीठात बातमीची रचना, संपादन, कॅमेरा, माध्यमांचे कायदे, मुलाखतीची पद्धत शिकवतात. हे शिकण्यासारखे आहे आणि आपल्या मुलांनी तिथल्या जागा भरायला हव्यात. बाबासाहेबांनी स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनेही पुढे मुंबईत जनसंज्ञापनाचे कॉलेज चालवले. शिष्यवृत्ती आहे, अर्ज वेळेत भरा आणि जातप्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. पत्रकारितेच्या जोडीला एखादा विषय घट्ट धरा: अर्थशास्त्र, कायदा, शेती, पाणी, आरोग्य, काहीही. कोरेगाव, खटाव, माणमध्ये पाण्याची बातमी करायची तर तलाव, कालवा आणि पाळीचे गणित समजले पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कुठे गेली हे शोधायला जमाखर्च वाचता आला पाहिजे आणि माहिती अधिकाराचा अर्ज नीट लिहिता आला पाहिजे. अत्याचाराच्या प्रकरणात संतापाचा व्हिडिओ पाच मिनिटांत फिरतो. पण एफआयआरमध्ये कोणती कलमे लागली, कोणती वगळली, पीडित मुलीचे नाव आणि फोटो देणे हा गुन्हा कसा आहे, हे ज्याला माहीत असते त्याचीच बातमी त्या कुटुंबाच्या उपयोगी पडते.

आणि आता थोडे समाजाला. मुलाने पत्रकार व्हावे असे वाटत असेल, तर त्याचे पत्र विकत घेणाराही आपल्यातच तयार झाला पाहिजे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांना लेखणी कमी पडली नाही, वर्गणीदार कमी पडले. त्या वेळी आपले आजे-पणजे खरोखर उपाशी होते. त्यांना दोष देता येणार नाही. आपली ती सबब राहिलेली नाही. एका जयंतीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या फीला मोठा हातभार लागतो. प्रत्येक विहाराने एका तरी आंबेडकरी नियतकालिकाची वर्गणी भरावी, ते विहारात ठेवावे आणि रविवारी वंदनेनंतर त्यातला एक लेख मोठ्याने वाचावा. प्रत्येक तालुक्याने पत्रकारिता शिकणाऱ्या निदान एका मुलीची किंवा मुलाची जबाबदारी घ्यावी.

ज्यांना या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी अर्जाच्या तारखा आजच पाहून ठेवा. ज्यांचे शिक्षण झाले आहे त्यांनी आपल्या गावातल्या अशा एका विद्यार्थ्याचे नाव या आठवड्यात काढा आणि त्याच्या घरी जाऊन बोला.

जय भीम! नमो बुद्धाय!